झऱ्याचा निकाल

नमुने घ्यायला जायचं असेल त्या दिवशी आमची सून हाताला मलम लावत नाही, केसांना काही चोपडत नाही, आणि कपडे घालते ते सुती, तेही धुऊन धुऊन रंग उडालेले. पावसाळी कोट घरीच ठेवते, मग वर आभाळ का फाटेना. ती नवीन नवीन आमच्या घरी आली तेव्हा मला वाटलं, पोरगी हुशार असेल पण जरा तऱ्हेवाईक दिसते. एकदा सकाळी मी प्रेमाने तिला डबा द्यायला गेले, तेल लागू नये म्हणून गुळगुळीत कागदात गुंडाळून. ती दोन पावलं मागे सरकली, जशी काही मी तिच्या हातात पाल ठेवत होते. "आई, आज नको. हा कागद माझ्या हाताला लागला तर तोच पाण्यात सापडेल," म्हणाली. मला ओ की ठो कळलं नाही. डबा परत नेला आणि दिवसभर तोंड फुगवून बसले.

ती आमच्या गावाच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत आहे. पाण्यात ती जे शोधते त्या रसायनांचं नाव हातभर लांब. तिथले लोक त्यांना नुसतं पीफास म्हणतात. न चिकटणारा तवा, पाणी न धरणारा कोट, तेल न शोषणारा कागद, असल्या सगळ्या वस्तूंत हे सापडतात. गुण मोठे, पण अवगुण असा की एकदा पाण्यात उतरले की ते कुजत नाहीत, विरत नाहीत, उकळून जात नाहीत. माणसाच्या अंगात शिरले तर निघायला वर्षंच्या वर्षं लागतात. आणि शोधायचे म्हणजे काय, तर मोठ्या तलावात कुणी चिमूटभर मीठ टाकलं असावं आणि ते हुडकून काढावं. म्हणून तर कपड्यांपासून सगळी काळजी. शिवाय ती दर वेळी एका बाटलीत अगदी शुद्ध पाणी घेऊन जाते, नळापाशी उभी राहून ते दुसऱ्या बाटलीत ओतते आणि बूच लावून बाकीच्या बाटल्यांबरोबर परत आणते. त्याला ते कोरा नमुना म्हणतात. त्या कोऱ्यात काही निघालं तर दोष पाण्याचा नसतो, आणणाऱ्याचा असतो. हे तिने मला समजावून सांगितलं तेव्हा माझा राग गेला. मी टपाल कचेरीत आयुष्यभर खिडकीवर बसले. पण दुसऱ्याचं वजन करण्याआधी आपला काटा तपासणारी माणसं मी थोडीच पाहिली.

आता यांच्याविषयी सांगायला हवं. हे, म्हणजे माझे यजमान, अग्निशमन दलात होते. गाव त्यांना अजून बंबवालेच म्हणतं. निवृत्त झाल्यापासून यांचा एकच नेम: दर रविवारी टेकडीवरच्या झऱ्याला जायचं आणि आठवड्याचं पिण्याचं पाणी डब्यांत भरून आणायचं. अर्धं गाव तिथे जातं. दगडातून बारीक धार पडते, उन्हाळ्यातही गारेगार. नळाच्या पाण्याला हे नाक मुरडायचे आणि घरी कुणी पाहुणा आला की चहाआधी त्याला झऱ्याचं पाणी पाजायचे. आमच्या नातीला आम्ही चिमणी म्हणतो. ती झाली तेव्हा तिच्या दुधाची भुकटी कालवायलाही झऱ्याचंच पाणी, हा यांचा हुकूम. सुनेनेही कधी नाही म्हटलं नाही. टेकडीवरचं पाणी, वर घर नाही, कारखाना नाही. तिला तरी काय माहीत.

त्या वर्षी वरून आदेश आला की पिण्याच्या पाण्याचे सगळे उगम पीफाससाठी तपासा. आमच्या गावाला नदीकाठच्या विहिरींचं पाणी येतं. त्यातली तिसरी विहीर गिरणीच्या कुंपणाला लागून. गिरणी पावसाळी कोटांचं कापड बनवते. सुनेने नमुने आणले, यंत्रात घातले, आणि तिसऱ्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ वर निघाला.

तिने अहवालावर अजून सहीही केली नव्हती. पण कचेरीतल्या भिंतींना कान असतात तसं तोंडही असतं. दुपारच्या जेवणापर्यंत गावभर झालं. चौकातल्या औषधवाल्याने दुकानाचं दार ओढलं आणि माणसं गोळा करून तो गिरणीच्या फाटकावर गेला. हा औषधवाला नागरिक समितीचा प्रमुख. गिरणीच्या वासाबद्दल, सांडपाण्याबद्दल अर्ज करून करून त्याचे केस पिकले होते, आणि दर वेळी त्याला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या होत्या. आज त्याच्या हातात पुरावा आला होता. फाटकावर घोषणा झाल्या, पहारेकऱ्याच्या खोलीची काच फुटली. संध्याकाळी भाजीवाल्याने मला निवडून निवडून टोमॅटो दिले आणि म्हणाला, तुमच्या सुनेने गाव वाचवलं. खोटं कशाला बोलू, मी मान ताठ करून घरी आले.

सून मात्र जेवताना ताटात बोटं फिरवत होती. लेकाने विचारलं, काय झालं. ती म्हणाली की तिने त्या तोटीवर एकामागून एक दोन बाटल्या भरल्या होत्या. पहिलीत पुष्कळ सापडलं, दुसरीत त्याच्या निम्म्याहून कमी. "एका आईची दोन मुलं वेगळी निघतात," ती म्हणाली, "एका तोटीच्या दोन बाटल्या वेगळ्या निघायला नकोत. कुठेतरी पाणी मुरतंय." यावर हे हसले, पण ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच तिसऱ्या विहिरीच्या पंपघरात गेली. तोटीखाली वाकून पाहिलं. तोटी नुकतीच बदललेली होती आणि तिच्या आट्यांवर नळकारागीर गुंडाळतात ती पांढरी पट्टी होती. पाणी झिरपू नये म्हणून सगळे लावतात ती. आमच्या मोरीतल्या नळालाही आहे. ती पट्टी या रसायनांच्याच गोतावळ्यातली. तिने ती तोटी काढायला लावली, पट्टीशिवाय बसणारी साधी पोलादी तोटी बसवून घेतली, पाणी बराच वेळ वाहू दिलं आणि मग बाटल्या भरल्या. त्यांत जवळजवळ काहीच निघालं नाही. विहीर चांगली होती. आम्ही चोर सोडून संन्याशाला सुळावर द्यायला निघालो होतो.

मोठे अभियंता, म्हणजे तिचे साहेब, यांना हे ऐकून हायसं वाटलं. ते म्हणाले, नळकारागिराच्या चुकीमुळे असं झालं असं एक निवेदन काढू, म्हणजे सुंठीवाचून खोकला जाईल. सुनेने ते मानलं नाही. नळकारागिराने तो नेहमी करतो तेच केलं, त्याला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. बाटली लावण्याआधी तोटी पाहणं हे माझं काम, असं ती म्हणाली. आणि निवेदनही नको. समितीने शाळेच्या सभागृहात सभा बोलावलीच आहे, तिथे मीच सांगेन.

मी त्या सभेला गेले होते. भिंतींवर मुलांनी रंगवलेले मासे आणि आगबोटी, खाली चिकार गर्दी, काही जण खिडक्यांत बसलेले. औषधवाल्याने तिला टाळ्यांच्या कडकडाटात पुढे बोलावलं. तिने टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"तिसऱ्या विहिरीचा जो आकडा तुमच्यापर्यंत आला तो चुकीचा होता," ती म्हणाली. "तो विहिरीतून आला नाही, तोटीवरच्या पट्टीतून आला. तोटी तपासून घेणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. विहिरीचं पाणी पिण्यासारखं आहे. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मी माफी मागते."

मग औषधवाला उठला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "गिरणीवाल्यांशी काय ठरलं, तेवढं सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिने मान हलवली, जसा काही त्याने रस्ता विचारला होता. तुम्हाला शंका येणं बरोबर आहे, असं तिने सांगितलं. उद्या सकाळी विहिरीवर या, तुमच्यासमोर बाटल्या भरते, तुमच्यासमोर मोहर लावते, आणि त्या कुठल्याही परगावच्या प्रयोगशाळेत तुम्हीच पाठवा.

तो आला. अंगावर चकाकणारा पावसाळी कोट आणि दाढीनंतर लावायच्या अत्तराचा घमघमाट. तिने त्याला नम्रपणे फाटकापाशीच उभं केलं आणि कारण सांगितलं. त्याने कोट काढला तरी घमघमाट काढता येईना, म्हणून बिचारा लांबूनच मान उंच करून पाहत राहिला. परगावच्या प्रयोगशाळेचा निकालही तोच आला, विहीर चांगली.

पण माणसाचं मन काय कागदावर चालतं? ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं तेच तिला पाण्यात पाहू लागले. भाजीवाला आता टोमॅटो निवडून द्यायचा, पण मऊ झालेले. चिमणीला फिरवायला नेलं की ओळखीच्या बायका रस्ता ओलांडून जायच्या. मलाही तिचा राग आला होता, हे कबूल करते. एकदा भांडी पुसता पुसता मी तिला बोललेच की गिरणी काही धुतल्या तांदळासारखी नाही, वास तर सगळ्यांनाच येतो. तू गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?

"आई, गिरणी वाईट असेलही," ती म्हणाली. "पण ती माझ्या चुकलेल्या बाटलीने वाईट ठरायला नको. मग उद्या मी खरं सांगितलं तर ते कुणी का मानावं?"

मी पुसायची उरलेली सगळी भांडी तिलाच दिली.

यानंतर तिने झरा तपासायचं मनावर घेतलं. झरा काही पाणीपुरवठा खात्याचा नाही, त्याला नळ नाही की पंप नाही. साहेबांनी सांगितलं, नको तिथे हात घालू नकोस, हात दाखवून अवलक्षण होईल. तिचं म्हणणं वेगळं होतं. लोकांना आकडे कळत नाहीत म्हणून ते घाबरतात. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही असं एक पाणी तपासून दाखवलं, तर शुद्ध पाण्याचा आकडा कसा दिसतो ते त्यांना समजेल. विहिरीचा आकडा त्याच्या शेजारी ठेवता येईल.

हे ऐकून यांना आकाश ठेंगणं झालं. साऱ्या गावाच्या पाण्याचं मोजमाप आता यांच्या झऱ्याच्या पाण्यावरून होणार! रविवारी आम्ही सगळेच गेलो. गार वारा सुटला होता आणि सुनेने यांना कोट काढून खाली मोटारीत ठेवायला लावला, म्हणून हे सदऱ्यावरच कुडकुडत होते, पण तोंडाचा पट्टा चालूच. रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते की आता बघा, शंभर नंबरी पाणी. मला चिमणीला घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं केलं होतं, कारण चिमणीच्या अंगाला तेल लावलेलं. सून गुडघ्यांवर बसली. दगडातून धार कुठून येते ते तिने बोटभर अंतरावरून पाहिलं. तोटी नाही, पट्टी नाही, नुसता दगड आणि शेवाळ. नवे हातमोजे घातले. दोन बाटल्या भरल्या. कोरी बाटली उघडली, ओतली, बंद केली. एवढं काम करताना ती एकदाही कुणाशी बोलली नाही आणि रांगेतले लोकही आपोआप गप्प झाले. कुणी आपलं काम इतकं मन लावून करत असलं की बघणाऱ्याचाही आवाज बसतो.

निकाल यायला थोडे दिवस गेले. एका सकाळी मी चिमणीची दुधाची बाटली तयार करत होते, भुकटी घालून झाली होती, पाणी ओतत होते, तेवढ्यात फोन वाजला. सून होती.

"आई, चिमणीला झऱ्याचं पाणी देऊ नका. नळाचं द्या," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी हातातली बाटली मोरीत ओतली. पांढरं पाणी गोल फिरून गेलं. मला तेव्हा कळलं काहीच नव्हतं, पण तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

पुढे काय झालं ते मला नंतर साहेबांनीच सांगितलं. ती फोन ठेवून सरळ त्यांच्या खोलीत गेली. झऱ्याच्या दोन्ही बाटल्या एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या, कोरी बाटली स्वच्छ होती, आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर होता. आजच पुन्हा नमुने आणते, ती म्हणाली, पण तोवर झऱ्यावर पाटी लावू, हे पाणी पिऊ नका म्हणून. साहेबांनी हात जोडले. म्हणाले, आत्ताच एकदा तोंड पोळलंय. दुसऱ्यांदा तपासू, पक्कं होऊ दे, मग पाटी. झऱ्याला नावं ठेवली आणि पुन्हा चूक निघाली तर गाव आपल्याला उभं करणार नाही.

त्यावर ती काय म्हणाली ते साहेबांनी मला शब्दन् शब्द सांगितलं.

"साहेब, मी आत्ता घरी फोन करून माझ्या मुलीला ते पाणी देऊ नका म्हणून सांगितलं. निकाल पक्का नाही हे मला माहीत होतं, तरी सांगितलं, कारण मी आई आहे. झऱ्यावर आत्ता डबे घेऊन उभ्या आहेत त्यांनाही मुलं आहेत. मी माझं घर सावरून गप्प बसले तर मी कोण?"

साहेबांनी मोटारीच्या किल्ल्या उचलल्या. पाटी रंगवून घ्यायलाही ते थांबले नाहीत. कचेरीतल्या एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दोघांनी जाऊन ती झऱ्यावर सुतळीने बांधली. "तपासणी पुरी होईपर्यंत हे पाणी पिऊ नये." खाली तिने आपलं नाव आणि फोन नंबर घातला. त्या संध्याकाळी आमचा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. शिव्या देणारे बहुतेक. तिने प्रत्येकाला तेच सांगितलं, त्याच आवाजात.

यांनी तर झुरळ झटकावं तसं ते झटकून टाकलं. होणंच शक्य नाही, म्हणाले. पुन्हा पट्टी असेल कुठेतरी. पण दुसऱ्यांदा आणलेल्या बाटल्यांचा निकालही तोच आला तेव्हा हे खुर्चीत बसून राहिले. स्वयंपाकघरात झऱ्याच्या पाण्याचे डबे ओळीने ठेवलेले होते, त्यांच्याकडे पाठ करून.

सुनेने त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि विचारलं, "बाबा, झऱ्याच्या वर टेकडीवर काय आहे?"

हे पहिल्यांदा म्हणाले, काही नाही, पठार आहे. मग थांबले. मग जे सांगितलं ते मला, यांच्या बायकोला, इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पठारावर अग्निशमन दलाचं सरावाचं मैदान होतं. खड्ड्यांत जुनं तेल ओतून पेटवायचे आणि त्यावर फेस मारून विझवायचे. तेलाची आग पाण्याने विझत नाही, तिच्यावर फेसाची गोधडीच घालावी लागते. त्या फेसातही हीच पीफास असायची, हे सुनेने मला नंतर सांगितलं. दर महिन्याला सराव, वर्षानुवर्षं. नंतर मैदान दुसरीकडे गेलं आणि इथे गवत वाढलं. सराव संपला की सगळे काजळीने माखलेले जवान खाली झऱ्यावर उतरायचे, तोंड धुवायचे, ओंजळीने प्यायचे.

"तिथेच मला त्या पाण्याची गोडी लागली," हे म्हणाले. "तो फेस साबणासारखाच आहे असं आम्हाला सांगितलं होतं. पोरं तो एकमेकांवर उडवायची. आणि मी तेच पाणी चिमणीला आणून पाजलं."

मी यांना आगीतून आलेलं पाहिलंय, भाजलेले हात पाहिलेत. पण असा चेहरा नव्हता पाहिला. सुनेने, तुमची काय चूक, जाऊ द्या, असलं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "बाबा, ती जागा मला दाखवाल? तुमच्याशिवाय मला तिथलं कुणी सांगू शकणार नाही."

हे उठले आणि बूट शोधायला लागले. त्या घडीला याहून चांगलं यांना कुणी काही म्हणू शकलं नसतं.

पठारावर वरवर पाहता नुसतं गवत. पण यांनी चालत चालत दाखवलं: इथे बंब उभा राहायचा, इथे पहिला खड्डा, इथे दुसरा, आणि फेस वाहून जायचा तो या उताराने. तो उतार थेट झऱ्याच्या अंगाला जात होता. सुनेने खड्ड्यांतली माती घेतली, डबक्यातलं पाणी घेतलं. हे कोट न घालता तिच्यामागे नमुन्यांची पेटी धरून उभे होते. सगळ्यांत मोठे आकडे तिथेच निघाले.

पुन्हा शाळेच्या सभागृहात सभा भरली. या वेळी टाळ्या नव्हत्या. झरा म्हणजे लोकांच्या आजी-आजोबांपासूनचा. तो वाईट आहे हे कुणी ऐकायला तयार नव्हतं. मागून कुणी म्हणालं, हिचं तेव्हाही चुकलं होतं. दुसरा म्हणाला, विहिरींचं पाणी खपवायचं असेल म्हणून झऱ्याला बट्टा लावताहेत. सून आकडे सांगत होती, दोनदा तपासलं हे सांगत होती, पण आवाज तिच्यापर्यंतच राहत होता.

तेव्हा औषधवाला उठला. मी मनात म्हटलं, झालं, आता हा उरलंसुरलं पुरं करणार.

"या बाईंना मी याच जागी विकाऊ म्हटलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा यांना गप्प बसणं सोपं होतं. गाव यांच्या बाजूने होतं, मी यांच्या बाजूने होतो. तरी स्वतःची चूक यांनी भरसभेत सांगितली. जे माणूस स्वतःविरुद्ध खरं बोलतं ते झऱ्याविरुद्ध खोटं कशाला बोलेल? मी आजपासून माझ्या घरात झऱ्याचं पाणी बंद केलंय."

तो खाली बसला. आणि मग माझ्या शेजारची खुर्ची सरकली. हे उभे राहिले. सभेत बोलायची यांना सवय नाही, हातातली टोपी पिळत होते. फेस आम्ही मारला, म्हणाले. आम्हाला माहीत नव्हतं, पण मारला आम्हीच. मैदान मी स्वतः सुनेला दाखवलंय. त्या सभागृहात निदान दहा-बारा घरं अशी होती जिथली आग यांनी विझवली होती.

झरा पिण्यासाठी बंद झाला. धार पडते तशी पडतेच, पण भोवती जाळी आली. खात्याने टेकडीच्या पायथ्याशी नळ आणून दिला, तिसऱ्या विहिरीवरून. अग्निशमन दलाने फेस बदलला. पठारावरची माती काढून न्यायचं काम चालू आहे. ते कधी संपेल ते सून सांगत नाही, कारण तिला माहीत नाही आणि माहीत नसलेलं ती सांगत नाही. गिरणीच्या गटाराचं पाणीही तिने पुढे तपासलं. त्यात जे निघायचं ते निघालं आणि गिरणीला ते शुद्ध करायचं यंत्र बसवावं लागलं. औषधवाल्याला त्याचा पुरावा मिळाला, फक्त तो गटारात होता, विहिरीत नव्हता.

चिमणीचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की थोडं आहे, वाढणार नाही, काही वर्षांनी उतरेल, आणि त्याचं पुढे काय होतं याबद्दल आज छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही. सून ते ऐकून घरी आली आणि चिमणीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिची नखं कापत बसली, जी आदल्याच दिवशी कापलेली होती. यांचंही रक्त तपासलं, तर आकडा मोठा निघाला. तेव्हा यांनी मनावर घेतलं की बरोबरच्या सगळ्या जुन्या जवानांनी रक्त तपासून घ्यायचं. घरोघर गेले. बहुतेक सगळे आले. एकच जण दाद देईना, यांचे जुने अधिकारी, ज्यांना दलातले सगळे अजून कॅप्टन म्हणतात. सरावाचे हुकूम त्यांचेच असायचे. आता त्यांना चालवत नाही. यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

मग सून गेली, मला बरोबर घेऊन, आणि रक्त घ्यायला दवाखान्यातली परिचारिका. कॅप्टन खिडकीपाशी बसले होते, पांघरूण गुडघ्यांवर, पाठ मात्र अजून ताठ. त्यांनी परिचारिकेकडे पाहिलंही नाही. सुनेला विचारलं, तूच का ती पाणीवाली. ती हो म्हणाली. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"पोरांना मी तिथे पाठवलं," कॅप्टन म्हणाले. "दर महिन्याला. ती आजारी पडली तर ते माझ्यामुळे, असंच ना?"

"तुम्ही त्यांना आग विझवायला शिकवलंत," सून म्हणाली. "त्यातली कितीतरी माणसं त्या शिकवण्यामुळे जिवंत घरी आली, आमचे बाबा त्यांतलेच. फेसात काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगतेय. तुमचं रक्त मिळालं तर बाकीच्यांसाठी डॉक्टरांना नीट कळेल, कारण सगळ्यांत जास्त वर्षं तुम्हीच होतात तिथे."

कॅप्टनांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बाहीचं बटण काढायला लागले. ते लवकर निघेना, तर सुनेने पुढे होऊन ते काढलं आणि बाही वर दुमडली.

"घ्या," ते परिचारिकेला म्हणाले, "पण जरा हळू. आगीला कधी भ्यालो नाही, सुईला भितो."

सून हसली. परिचारिकेने दंडाला पट्टा बांधला, आणि कॅप्टनांनी डोळे घट्ट मिटून तोंड खिडकीकडे फिरवलं.